राँग नंबर न लागणारा टेलिफोन

सकाळचे सव्वाअकरा. नव्या पेठेच्या मागच्या बोळातल्या एका बंद पडलेल्या कापडदुकानातून दगडाबाई नावाची विडी कामगार बाहेर आली आणि पायरीवर मटकन बसली. तिचा मुलगा महिपती कुवेतला असतो. आत्ताच ती त्याच्याशी टेलिफोनवर बोलली होती. टेलिफोनला तार नव्हती.

बोळात तेव्हा शे-दीडशे माणसं असावीत. पुढच्यांनी तिला घेरलं, मागच्यांनी टाचा उंचावल्या.

"बोलला का गं?"

"बोलला की! 'आई, मी बरा हाय, काळजी करू नगंस' म्हनला. जेवतोस का इचारलं, तर म्हनला, भाकरीची लई आटवण येती."

"कुवेतास्नं बोलला?"

"न्हाय तर काय हितल्या कुंभारीस्नं?"

दगडाबाई रडत होती आणि हसतही होती. दिवाळीपासून महिपतीचं पत्र आलेलं नव्हतं. गर्दीतून कोणीतरी 'बिनतारी महाराज की जय' असा पुकारा केला आणि बोळाच्या तोंडाशी उभा असलेला टांग्याचा घोडा बिचकला.

हा फेब्रुवारी १९७८. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत पाळणे, मौत का कुआँ आणि दोन तोंडांचं वासरू यांच्याबरोबर हे महाराज सोलापुरात आले. जत्रा उठली, पाळणे उतरले, वासरू पुढच्या गावी गेलं. महाराज राहिले. जत्रेत त्यांचा तंबू होता, आता त्यांनी दुकान भाड्याने घेतलं होतं.

दुकानाच्या आतल्या खोलीत जाडजूड जमखाना अंथरलेला. मधोमध चौरंग, चौरंगावर काळा टेलिफोन. त्याची तार वीतभर लांबीवर कापलेली आणि कापलेल्या टोकाला हळदकुंकू वाहिलेलं. येणाऱ्या प्रत्येकाला महाराज आधी ते टोक हातात देत.

"बघा, ओढून बघा. कुठं जोडलंय? नाही ना? सरकारी टेलिफोनला तार लागते, खांब लागतो, खांबाखाली साहेब लागतो. खांबावर कावळा बसला की साहेब म्हणतो, लाइन खराब! आपल्याकडं काय? आकाशतत्त्व! शब्द हा आकाशाचा गुण. जर्मनीवाल्यांनी ही विद्या आपल्याच पोथ्यांतून नेली आणि तिला वायरलेस असं नाव ठेवून आपल्यालाच परत विकली!"

महाराज पन्नाशीचे, गोरे, बोलण्यात अक्कलकोटच्या पलीकडचा कानडी हेल. त्यांचे नियम सोपे होते. आसन सोडायचं नाही. मोठ्यानं बोलायचं, कारण अंतर लांबचं. आणि पुढे महिनाभर त्या माणसाला पत्र टाकायचं नाही की ट्रंक कॉल लावायचा नाही.

"सरकारी लहर आणि आमची लहर एकमेकींना कापतात," महाराज बजावत. "मग तुमचं माणूस ना त्यांच्याकडं, ना आमच्याकडं. मधेच लोंबकळलं तर जबाबदारी आमची नाही."

मोठ्यानं बोलण्याचं कोणालाही वावगं वाटलं नाही. ट्रंक कॉलवर मुंबईशी बोलणारा सोलापूरकर असा ओरडतो, की टेलिफोन नसता तरी मुंबईला ऐकू गेलं असतं. त्यात रांगेतले निम्मे लोक गिरणीतले. ज्याचा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, तो घरात मीठ मागतानाही शेजारची गल्ली दचकेल असं मागतो. तेव्हा महाराजांच्या खोलीतली खासगी बोलणी बोळभर ऐकू येत आणि लोक ती भक्तिभावाने ऐकत.

आणखी एक गोष्ट. वीज गेली की महाराज डोळे मिटून समाधीत जात आणि वीज आली की समाधी उतरे. याचंही कोणाला नवल वाटलं नाही. सोलापुरात वीज गेली की सगळ्यांचीच कामं थांबतात.

*

दगडाबाई मूळची सांगोल्याकडची. नवरा वारल्यावर मुलाला घेऊन सोलापुरात भावाकडे आली आणि विड्या वळून तिने महिपतीला फिटरचं शिक्षण दिलं. मुंबईच्या एका एजंटाने त्याला कुवेतला पाठवलं. पहिले काही महिने पत्रं आली. मग थांबली.

तिच्याच चाळीत आमच्या ओळखीच्या विजयमालाबाई राहतात. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात. एकट्याच असतात, स्पष्ट बोलतात आणि चहा भरपूर पितात. त्यांनी एजंटाच्या मागे लागून महिपतीच्या छावणीच्या कचेरीचा टेलिफोन नंबर मिळवला होता. गुरुवारी तार ऑफिसात जाऊन दगडाबाईच्या नावाने कॉल लावायचा, असं ठरलं होतं. गुरुवारी बाई हाक मारायला गेल्या, तर दगडाबाई मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कातरत बसलेली.

"आता कशाला ओ बाई? बोलले की मी त्येच्यासंगं. आन् म्हाराज म्हनलं, सरकारी फोन लावू नगा. उगं माझ्या लेकराला काय झालं तर?"

शेजारी तिचा भाऊ कोंडीबा बसला होता. गिरणीत माग चालवणारा, भरघोस मिशांचा माणूस.

"आणि बाई, तुमच्या फोनाची खात्री काय?" तो म्हणाला. "आवाज कुटनं जातो म्हनलासा?"

"मुंबईहून पुण्याजवळ आर्वीच्या केंद्रात. तिथून वर उपग्रहाकडं. उपग्रहावरून खाली कुवेतला."

"म्हंजे आभाळात डबा, डब्यात आवाज, आन् डबा खाली पडत न्हाय!" कोंडीबाने मिशीवरून हात फिरवला. "हे शाळंत पोरींना सांगा बाई. आमाला जरा पटंल आसं सांगा."

"आणि महाराजांचं पटलं?"

"ते पटायचा प्रश्नच न्हाय. ते ऐकू आलं."

 कोंडीबाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. उपग्रह त्याने पाहिलेला नव्हता, बाईंनीही नव्हता. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या टेलिफोनचा अनुभव विचाराल, तर बार्शी मागावी आणि विजापूर लागावं, पोलीस चौकी फिरवावी आणि पिठाच्या गिरणीनं "दळण झालंय, घेऊन जा" म्हणावं, असा आहे. नव्या यंत्रावर शंका घेणारा माणूस मूर्ख नसतो. कोंडीबाची शंका फक्त एकाच यंत्रापाशी थांबली होती, एवढंच.

संपादकांनी पाठवलं म्हणून मी त्या बोळात दोन सकाळी उभा राहिलो. लोकांनी दिल्ली मागितली, दुबई मागितली, एकाने मुलगा बोटीवर आहे म्हणून नुसता समुद्र मागितला. सगळे लागले. एकदाही राँग नंबर नाही. एकदाही 'एंगेज' नाही. पलीकडे दुसऱ्याच कोणी फोन उचलून 'तो बाहेर गेलाय' म्हटलं, असंही नाही. ज्या शहरात समोरच्या पेठेतला फोन तीनदा फिरवल्याशिवाय लागत नाही, तिथे हे जरा जास्तच होत होतं.

परतताना करीमभाईंच्या दुकानात थांबलो. लग्नाला, उरुसाला आणि निवडणुकीला लाउडस्पीकर त्यांचेच असतात.

"साहब, अजीब गिऱ्हाईक है वो," करीमभाई म्हणाले. "लोगां शादी को दो-दो भोंगे मांगते. ये बाबा माइक ले गया, अँप्लिफायर ले गया, भोंगा बोले तो एक बी नक्को! मैं पूछ्या, फिर आवाज किधर से निकालेगा? बोल्या, आकाश से!" आणि ते पोट धरून हसले.

हे मी विजयमालाबाईंना सांगितलं तेव्हा त्या दुसरा चहा ओतत होत्या. ओतता ओतता थांबल्या.

"अँप्लिफायर आहे आणि भोंगा नाही?"

"नाही."

"उद्या मी रांगेत उभी राहते," बाई म्हणाल्या. "मलाही कोणाशी तरी बोलायचंय."

*

रांगेत सिद्धम्मा नावाची महाराजांची शिष्या तांब्या घेऊन फिरे. थकल्याभागल्यांना पाणी देई, पाठीवरून हात फिरवी आणि विचारपूस करी. "कुणाशी बोलायचं ताई? कुठं असतात? स्वभाव कसा आहे?" मग घागर भरायला म्हणून मागच्या जिन्याने जाई. तिच्या मायेबद्दल रांगेत फार चांगलं बोललं जात असे.

विजयमालाबाईंनीही तिच्यापाशी मन मोकळं केलं. मालक भिलाईला पोलादाच्या कारखान्यात. स्वभावाने तापट. मी चहा जास्त पिते म्हणून कायम रागावलेले. सिद्धम्माने सुस्कारा सोडला आणि घागर भरायला गेली.

बाईंचा नंबर आला. महाराजांनी कापलेली तार दाखवली, आकाशतत्त्व सांगितलं, डोळे मिटून डायल फिरवली आणि रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. मी दारात होतो. बाई बोलत होत्या ते सगळ्या बोळाला ऐकू येत होतं, पलीकडचं फक्त त्यांना.

"कोण बोलतंय? ... कोण? ... अहो, तुम्ही? ... भिलाईहून? ... नाही हो, दोनच कप ... बरं, एकच कप ... रागावू नका ना!"

बोलता बोलता बाई एका बाजूला कलल्या, जमखान्याच्या कडेच्याही बाहेर. पुन्हा सरळ झाल्या. पुन्हा कलल्या. मग पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. खांदे हलत होते. बायकांनी त्यांना जवळ घेतलं. "असू दे ताई, पुरुषांचं असंच असतं. आवाज ऐकला, हे काय कमी आहे?"

बोळाच्या बाहेर आल्यावर बाईंनी पदर खाली घेतला. त्या हसून लाल झाल्या होत्या.

"माझं लग्न झालेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"त्या गृहस्थांना नाही. पाच मिनिटांत माझा चहा बंद केला त्यांनी. लग्न न करता एवढा अनुभव पुरे झाला."

संध्याकाळी त्यांनी हा किस्सा दगडाबाईला आणि कोंडीबाला सांगितला. कोंडीबा हसला, पण दगडाबाई हसली नाही. हातातली विडी तिने नीट बांधून टोपलीत ठेवली.

"तुमचा नवरा खोटा आसंल बाई," ती म्हणाली. "माझा ल्योक खरा हाय."

कोंडीबाने बहिणीची बाजू सावरली. "व्हय की. दुसऱ्याच कुनाचा नवरा चुकून लागला आसंल. राँग नंबर."

"राँग नंबर?"

"व्हय."

"मग राँग नंबरला माझा चहा कसा कळला, कोंडीबा?"

कोंडीबाने मिशीवर हात नेला आणि तो तिथेच राहिला.

"मला वाद घालायचा नाही," बाई म्हणाल्या. "उद्या माझ्या मालकांशी पुन्हा बोलणार आहे. तुम्ही दोघं फक्त दारात उभे राहा. पटलं नाही तर मी परत तार ऑफिसचं नाव काढणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी गर्दी आदल्या दिवसापेक्षा जास्त. करीमभाईही आपला अँप्लिफायर कुठे बोलतोय ते बघायला आले होते. विजयमालाबाई आसनावर बसल्या, रिसीव्हर कानाला लावला, भिलाई लागली.

"अहो, ऐकता ना? हो ... हो ... साडी? कुठली साडी?"

आणि बोलता बोलता बाई उठल्या. चौरंगावरचा टेलिफोन डाव्या हातात, रिसीव्हर उजव्या.

"बाई! आसन सोडू नका!" महाराज ओरडले. "रेषा तुटेल!"

"आत फार उकडतंय महाराज. आकाशतत्त्व आहे ना, मग आकाशाखाली तर जास्तच चांगलं ऐकू येईल." बाईंनी उंबरा ओलांडला. थांबल्या. "गेला आवाज," त्या गर्दीला म्हणाल्या. एक पाऊल आत. "आला. साडीचंच चाललंय." एक पाऊल बाहेर. "गेला." आत. "आला. बघता का कोणी?"

महाराज पुढे झाले, पण दारात आता एवढी माणसं घुसली होती की त्यांना हात पोचवता येईना. पहिल्यांदा करीमभाईंनी ऐकलं, आत आणि बाहेर. मग एका म्हाताऱ्याने. मग पाच-सहा जणांनी. जत्रेत पाळण्याची रांग लागावी तशी उंबऱ्यावर रांग लागली. "गेला!" "आला!" "मला द्या, मला!" आणि भिलाईचे गृहस्थ बिचारे ज्याच्या त्याच्या कानात बायकोला बोलतच होते. इकडे काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं आणि एवढ्या कलकलाटात कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं.

शेवटी रिसीव्हर कोंडीबाकडे आला. त्याने तो कानाला लावला, आत पाऊल टाकलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"काय म्हनतोय?" दगडाबाईने विचारलं.

"म्हनतोय... 'अगं, गप्प का? रुसलीस का माझ्यावर?'"

बोळ हसला. कोंडीबाला काय वाटलं कोण जाणे. त्याने छाती भरून घेतली आणि थेट मागावरच्या आवाजात उत्तर दिलं:

"न्हाय रुसले!"

रिसीव्हर गप्प झाला. मग डोक्यावर, लाकडी माडीच्या फळ्यांवर, काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ पावलं वाजली. सगळ्या माना वर झाल्या.

त्या माडीला पुढून कुलूप होतं. कोंडीबा आणि करीमभाई मागच्या जिन्याने वर गेले. इकडे विजयमालाबाईंनी जमखान्याचं एक टोक धरलं, चार बायकांनी बाकीचं, आणि तो गुंडाळला. खाली फरशीवर तांब्याच्या तारेची वेटोळी होती, खोलीच्या कडेकडेने कितीतरी फेरे फिरवलेली. तिची दोन टोकं भिंतीच्या चिरेतून वर माडीकडे गेली होती.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता आणि बोळही वर्गासारखा गप्प होता. "वर माणूस माइकमध्ये बोलतो. अँप्लिफायर तो आवाज वाढवतो. लग्नात तो भोंग्यात जातो, इथे तो या तारेत सोडलाय. तारेत वीज खालीवर झाली की तिच्याजवळच्या दुसऱ्या वेटोळ्यातही तशीच होते. मध्ये जोडणी लागत नाही. हे दुसरं वेटोळं."

त्यांनी रिसीव्हरचं झाकण फिरवून काढलं. आत बारीक तारेचं भेंडोळं, दोन ट्रान्झिस्टर आणि पेन्सिल सेल.

"म्हणून आवाज जमखान्यापुरता. म्हणून वीज गेली की समाधी. आणि वरच्याला तुमचं बोलणं ऐकू यायला माइक लागत नाही, कारण तुम्ही ओरडता आणि फळ्यांना फटी आहेत. उरलेलं सिद्धम्मा पाण्याबरोबर वर पोचवते. यात चमत्कार काही नाही. विज्ञान मात्र चांगलं आहे. महाराजांनी ते लावलं वाईट ठिकाणी."

महाराज यावर म्हणाले, की तार ही केवळ कलियुगातल्या क्षीण झालेल्या शक्तीला आधार म्हणून आहे. कोणी ऐकलं नाही. पुढे कळलं, की महाराजांचं नाव चन्नप्पा, आणि जत्रेआधी सरहद्दीपलीकडच्या एका गावी ते रेडिओ दुरुस्त करत. काम चांगलं करत, असंही कळलं.

मागच्या जिन्याने कोंडीबा आणि करीमभाई खाली आले. त्यांच्यामध्ये एक किडकिडीत, पांढऱ्या केसांचा माणूस होता. नाव निंगप्पा. एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवायची, हा जन्मभराचा धंदा. कंपनी बुडाली आणि आवाज उरला. तोच तिथे दिल्ली होता, दुबई होता, भिलाई होता.

लोक हात उगारून पुढे सरकले. त्यांच्याआधी दगडाबाई पुढे आली. तिने निंगप्पाला खालून वर पाहिलं.

"तूच व्हय रे?"

निंगप्पाने मान खाली घातली.

"एकदा म्हन की परत. 'आई, मी बरा हाय.'"

"आता नाही जमायचं, बाई."

"त्या दिशी जमलं की."

 उगारलेले हात आपोआप खाली आले. दगडाबाई त्याच्याकडून महाराजांकडे वळली, महाराजांकडून आमच्याकडे.

"मग माझा म्हैपती कुटं हाय?"

 विजयमालाबाई म्हणाल्या, "ठाऊक नाही, दगडाबाई."

त्या खोलीत आजवर कोणाच्याही प्रश्नाला हे उत्तर मिळालं नव्हतं. दगडाबाईने पदराने तोंड पुसलं.

"चला," ती म्हणाली. "कुटं हाय ते तुमचं ऑफिस?"

*

पोलिसांनी महाराज, निंगप्पा आणि सिद्धम्मा या तिघांना चौकीवर नेलं, जबाब घेतले आणि सोडलं. महाराजांना कोणत्या कलमाखाली धरावं यावर तिथे बरीच चर्चा झाली. अँप्लिफायर करीमभाईंना परत मिळाला. बोळात अजून काही मंडळी अशी आहेत, की त्यांच्या मते बाकीचे कॉल खोटे असतील पण आपला खरा होता. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: पुढच्या वेळी उंबरा ओलांडून बघा. शंका उपग्रहावरही घ्या, टेलिफोन खात्यावर तर जरूर घ्या, आणि महाराजांवरही तेवढीच घ्या. जे खरं असतं ते शंका सोसतं. त्याला उचलून दाराबाहेर नेता येतं, झाकण उघडून आत पाहता येतं, आणि ते बिघडतं तेव्हा बिघडलं म्हणून सांगतं. जे आपल्याला 'आसन सोडू नका' म्हणतं, त्याचा जमखाना उचलून बघावा.

तार ऑफिसात दगडाबाई सूप आणि पानं घेऊनच गेली. वाट बघण्यात रोजगार का बुडवायचा, असं तिचं म्हणणं. कारकुनाने नंबर लिहून घेतला.

"लागंल का ओ?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही मावशी. मुंबईपर्यंत लवकर लागेल. पुढचं लाइनवर आहे. आज लागेल, उद्या लागेल."

"म्हाराज कदी आसं बोलला न्हाय," दगडाबाई विजयमालाबाईंना म्हणाली.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी कॉल लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाने तिला हाक मारली. दगडाबाईने सूप खाली ठेवलं, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि तार ऑफिसच्या काचा हादरतील असं ओरडली, "म्हैपती!"

पलीकडून खरखर आली. मग कोणीतरी अनोळखी माणूस हिंदीत म्हणाला, "कौन महिपती? ये बेकरी है, अम्मा." आणि लाइन तुटली.

"राँग नंबर," कारकून ओशाळून म्हणाला. "कुवेत होतं, पण नंबर चुकला."

आम्हाला वाटलं, आता ही उठून जाणार. दगडाबाईने रिसीव्हर थोडा वेळ तसाच हातात धरला. मग कारकुनाला परत दिला.

"कुवेत हुतं न्हवं?"

"कुवेतच होतं."

"मग फोन खरा हाय," ती म्हणाली. "परत लावा."

ती पुन्हा बाकावर बसली आणि सूप मांडीवर घेतलं. आज सकाळी कचेरीत येताना मी तार ऑफिसात डोकावलो. कॉल पुन्हा नोंदवला आहे. मुंबईपर्यंत लाइन मिळाली आहे. पुढे अजून काही कळलेलं नाही.